जोड लावणारे पंच

नेदरलँड्सच्या हेगला राहून तीन वर्षं झाली. सायकलवरून समुद्राकडं निघालं की वाळूच्या टेकड्यांलगत काचेच्या इमारती दिसतात. ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. कुलभूषण जाधवांचं प्रकरण चाललं ते हे नव्हे. ते पीस पॅलेसमधलं, देशादेशांच्या भांडणांचं. इथं युद्धगुन्ह्यांसारख्या गुन्ह्यांसाठी माणसांवर खटले चालतात.

दिवाळीला कोल्हापुरात आलो आणि गंगावेशीत दुधाचा पेला हातात असतानाच वकील काकांनी गाठलं. समोर म्हैस, पेल्यावर बोटभर फेस.

"तुझ्या त्या कोर्टानं आजवर आत टाकलं कुणाला?"

म्हटलं, पहिली शिक्षा २०१२ ची. काँगोचा थॉमस लुबांगा, पोरांच्या हाती बंदुका दिल्या म्हणून १४ वर्षं.

"फुडं?"

पुढचेही सगळे आफ्रिकेतलेच. मिशीला लागलेला फेस तसाच ठेवून काका बघत राहिले.

मी बाजू मांडायला लागलो. युगांडा, काँगो यांनी आपली प्रकरणं स्वतःच पाठवली होती. ज्या करारातून हे न्यायालय उभं राहिलं तो रोमचा करार १९९८ चा; अमेरिका, रशिया, चीन त्यात नाहीत, आणि आपणही नाही. बाहेरच्या देशाचं प्रकरण सुरक्षा परिषद पाठवू शकते, २००५ मध्ये सुदानचं पाठवलं तसं. पण नकाराधिकार त्याच बड्यांकडं.

"म्हंजे कुस्तीत पंच बी हेच, आन् आपली जोड लावायची का न्हाई ते बी हेच ठरवणार!"

इतकं नेमकं मी हेगमध्येही कुणाकडून ऐकलं नव्हतं.

पुतिनवर २०२३ ला वॉरंट निघालं, नेतान्याहूंवर २०२४ ला. न्यायालयाला स्वतःचे पोलीस नाहीत, त्यामुळं पुतिन मंगोलियात आणि नेतान्याहू हंगेरीत जाऊन सुखरूप परतले. तेव्हा दोन्ही सदस्य देश होते, बरं का! उलट अमेरिकेनं मुख्य अभियोक्ते करीम खान यांच्यावरच निर्बंध घातले. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मात्र २०२५ च्या मार्चमध्ये अटक होऊन हेगला आले, कारण राष्ट्राध्यक्ष मार्कोस आणि दुतेर्ते घराण्याचं फाटलं होतं.

"मग बंदच करा की ते," काका म्हणाले.

हे मात्र मला पटलं नाही. "काका, कोल्हापूरला हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं म्हणून तुम्ही किती वर्षं मोर्चे काढले? २०२५ च्या ऑगस्टात मिळालं ते सर्किट बेंच, पूर्ण खंडपीठ नव्हेच. नको म्हणालात?"

"ते येगळं," म्हणत काकांनी गवळ्याला आणखी दोन पेले सांगितले.