फुगलेला कपॅसिटर बदलताना

बराच वेळ बंद असलेला संगणक पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही, बटण दोन-तीनदा दाबल्यावर मात्र चालू होतो आणि मग दिवसभर कुरकुर न करता चालतो, अशी तक्रार आली की रॅम काढून पुसण्याआधी मी मदरबोर्डवर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्या, पाहतो. जुन्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, थंड असताना जास्त असतो आणि ऊब मिळाली की उतरतो. त्यामुळे हे लक्षण बरेच बोलके आहे.

कपॅसिटरच्या माथ्यावरची फुलीसारखी खाच शोभेची नसते. आत वायू साचला तर डबीचा स्फोट न होता ती तिथेच उघडावी, यासाठी ती मुद्दाम पाडलेली असते. माथा जरासा वर आला असेल किंवा खाचेत तपकिरी पापुद्रा दिसत असेल, तर तो कपॅसिटर गेलाच असे समजावे. माथा सपाट आहे म्हणून तो चांगला, असे मात्र नाही. साध्या मल्टिमीटरवर मायक्रोफॅरडचा, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेचा, आकडा ठीक येऊनही ईएसआर कित्येक पटींनी वाढलेला असू शकतो, म्हणून तो स्वतंत्र मीटरने मोजावा लागतो.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा थोड्या अधिक व्होल्टचा, 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा आणि कमी ईएसआरचा हवा. यातली शेवटची अट सर्वाधिक दुर्लक्षिली जाते आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

खरी कसोटी जुना कपॅसिटर काढताना लागते. त्याचा ऋण पाय बोर्डाच्या आतल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेला असतो आणि तो थर उष्णता शोषून घेतो, त्यामुळे कमी वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तिथले सोल्डर वितळतच नाही. अशा वेळी जोर लावून ओढल्यास छिद्राच्या आतला तांब्याचा मुलामा पायाबरोबर उपटून येतो आणि बोर्डच निकामी होऊ शकतो. जुन्या सोल्डरवर फ्लक्स (सोल्डर नीट वितळून पसरावे म्हणून लावायचा पदार्थ) आणि थोडे नवे सोल्डर घालून, दोन्ही पाय आळीपाळीने तापवत कपॅसिटर हलकेच डोलवत काढावा. काढण्यापूर्वी कपॅसिटरवरची ऋण बाजू दाखवणारी पट्टी कोणत्या बाजूला आहे याचा फोटो घेऊन ठेवावा, कारण बोर्डावरच्या रंगवलेल्या अर्धवर्तुळाचा अर्थ सगळे उत्पादक एकच धरत नाहीत.

पॉवर सप्लायच्या पेटीतले कपॅसिटर नवख्याने हाताळू नयेत. 230 व्होल्टच्या विजेवर तिथल्या मुख्य कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात.