इंदुरात पाणी ९८ अंशांना उकळतं

नव्याने विज्ञान शिकवू लागलेल्या शिक्षकाची पहिली कसोटी बहुतेक वेळा पाणी उकळण्याच्या साध्या प्रयोगात लागते. पुस्तकात १००, फळ्यावर १००, आणि स्टँडला टांगलेला थर्मामीटर ९८ वर येऊन थांबतो. मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, थर्मामीटर खराब है." अशा वेळी "वहीत १०० लिहा" म्हणून पुढे सरकायचा मोह होतो. तसं करू नये. थर्मामीटर बरोबर आहे, पुस्तकही बरोबर आहे, आणि त्या दोन अंशांच्या फरकात अख्खा तास भरेल एवढं विज्ञान आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. समुद्राकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा धरला, तर इथे तो ७१० च्या आसपास असतो. पाण्यात तयार झालेल्या वाफेच्या बुडबुड्याला वरचा दाब सोसून टिकायचं असतं. दाब कमी, तर तो कमी तापमानालाच टिकतो आणि पाणी उकळू लागतं. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटरला उत्कलनांक एका अंशाने उतरतो. इंदुरात तो ९८ च्या जरा वर येतो, पचमढीला ९६.५ च्या जवळपास. पावसाळ्यात दाब आणखी थोडा उतरतो, पण शाळेच्या थर्मामीटरवर तेवढा फरक धड दिसत नाही, त्याच्या मागे लागू नये.

हे मुलांना सांगण्याआधी थर्मामीटर मात्र तपासलेला हवा. बर्फाचा चुरा, त्यात थोडंसं पाणी, पाच मिनिटं थर्मामीटर बुडवून ठेवायचा. शून्य दाखवला तर ठीक; एक दाखवला तर त्या थर्मामीटरवर चिठ्ठी लावून तेवढी चूक लिहून ठेवायची. उकळताना थर्मामीटरचा फुगा बीकरच्या तळाला टेकू देऊ नये, नाहीतर वाचन १०० च्याही वर जातं आणि सगळा मुद्दा बुडतो. वाचन घेताना डोळा पातळीच्या समोर हवा. उंच मुलं वरून वाकून बघतात आणि त्यांचा आकडा वेगळाच येतो. स्पिरिट लॅम्पवर २५० मिलिलिटर पाणी ४० मिनिटांच्या तासिकेत उकळेल याचा भरवसा नाही. १०० मिलिलिटरच घ्यावं, तेही किटलीत थोडं तापवून आणलेलं. उकळी फुटल्यावर लगेच लॅम्प विझवू नका. आणखी चार-पाच मिनिटं जाळ तसाच ठेवून दर मिनिटाला वाचन लिहायला लावा. जाळ चालू आहे आणि आकडा हलत नाही, हे त्यांनी स्वतः पाहिलं की अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता, वेगळा समजवावा लागत नाही. कुणीतरी विचारतंच, की मीठ टाकून १०० करता येईल का. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळवलं तर जेमतेम एक अंश वाढतो, हे करून दाखवण्यासारखं आहे.

पाणी हा इंदूरच्या लॅबमधला दुसरा मोठा विषय. नळाला नर्मदेचं येतं, टाकीत बरेचदा बोअरिंगचं असतं, आणि दोन्हींत क्षार असतात. बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेट मिसळून पांढरा साका दाखवायचा प्रयोग इथेच फसतो. बेरियम क्लोराइड नळाच्या पाण्यात विरघळवलं, तर पाण्यातल्या सल्फेटमुळे ते आधीच गढूळ होतं, मग मिसळल्यावर "बदल" दिसणार कशात? सिल्व्हर नायट्रेटचंही तेच, तिथे क्लोराइड नडतं. ही द्रावणं डिस्टिल्ड वॉटरमध्येच करावीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात पाच लिटरचे कॅन मिळतात, ते चालतात; सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकून कॅन आधी तपासून घ्यावा. बेरियमचं मीठ विषारी आहे, त्यामुळे प्रत्येक गटाला ३ मिलिलिटरहून जास्त देऊ नये, आणि परीक्षानळी तोंडाशी नेऊन वास घ्यायची सवय पहिल्याच दिवशी मोडावी.

याच क्षारांचा उपयोग करून घ्यायचा तो साबणाच्या प्रयोगात. मुलांना घरून पाणी आणायला सांगा: कुणी नर्मदेचं आणेल, कुणी बोअरिंगचं, कुणी आरओचं. प्रत्येकी १० मिलिलिटर, त्यात साबणाच्या द्रावणाचे पाच थेंब, बूच लावून दहा वेळा हलवणं, आणि फेसाची उंची पट्टीने मोजणं. हा प्रयोग एकाच कारणाने बिघडतो: शिक्षक हँडवॉश किंवा भांड्यांचं लिक्विड वापरतात. ती डिटर्जंटं आहेत, जड म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातही फेस देतात, आणि सगळ्या नळ्या सारख्या दिसतात. अंघोळीच्या साध्या वडीचा एक ग्रॅम कीस कोमट डिस्टिल्ड वॉटरच्या १०० मिलिलिटरमध्ये विरघळवून घ्यावा. जड पाण्यात पांढरट गुठळ्या तरंगताना दिसल्या की समजावं, जमलं. कोणत्या कॉलनीचं पाणी किती जड, याचा तक्ता मुलं स्वतः फळ्यावर मांडतात. त्यात शिक्षकाने आपला अंदाज घुसवू नये.

पाण्याच्या विद्युत अपघटनातही मिठाचा मोह पडतो, कारण आम्ल हाताळायची भीती वाटते. मीठ घातलं की धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन निघतो, वर्गभर वास सुटतो आणि हायड्रोजन-ऑक्सिजनचं दोनास एक हे प्रमाण मिळतच नाही. विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंबच घालावेत, आणि ते विरल करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. ९ व्होल्टची बॅटरी पुरते. नळ्या उपड्या ठेवण्याआधी पाच-सात मिनिटं प्रवाह तसाच चालू द्यावा म्हणजे पाणी वायूंनी संपृक्त होतं. तरीही ऑक्सिजन जरा कमीच भरतो: तो हायड्रोजनपेक्षा पाण्यात जास्त विरघळतो, आणि कार्बनचा अग्र असेल तर थोडा त्याच्याशी क्रिया करण्यात खर्च होतो. तळाशी काळी पूड दिसली तर ती त्या झिजणाऱ्या अग्राची. प्रमाण दोनाच्या वर आलं तर तेच लिहावं आणि कारण शोधायला लावावं.

लोखंडी खिळा आणि मोरचूद (कॉपर सल्फेट) हा प्रयोग सोपा म्हणून कुणी आधी करून बघत नाही. सियागंजच्या बाजारातून आणलेले खिळे चकचकीत असले तर बहुधा जस्ताचा मुलामा असलेले असतात. मग खिळ्यावर तांबूस थराऐवजी काळपट भुगा बसतो आणि द्रावण हिरवट व्हायच्या ऐवजी नुसतं फिकं होतं. मुलामा नसलेले खिळे मागून घ्यावेत, सँडपेपरने घासून मगच बुडवावेत. द्रावण गडद निळं करू नये. १०० मिलिलिटरला दोन ग्रॅम मोरचूद पुष्कळ झालं. तांब्याचा थर वीस मिनिटांत दिसतो, पण रंगातला फरक डोळ्यात भरायला काही तास लागतात, म्हणून एक नळी आदल्या दिवशीच लावून ठेवावी.

फेरस सल्फेट तापवण्याआधी बाटली उघडून बघा. जुनी असेल तर स्फटिक आधीच पिवळट-तपकिरी झालेले असतात आणि हिरव्याचा पांढरा, मग तांबडा हा क्रम दिसत नाही. पानातल्या स्टार्चच्या चाचणीला जुलै-ऑगस्ट टाळावा, ढगाळ दिवसांत पान पुरेसं स्टार्च करत नाही. जास्वंदीचं पातळ पान घ्यावं, आणि पानाचा हिरवा रंग काढायचं अल्कोहोल थेट जाळावर कधीच नाही, गरम पाण्याच्या बीकरमध्ये ठेवून, तोही जाळ विझवल्यावर.

आणि एक प्रयोग असा, जो इंदुरात फार छान होतो आणि कोणी करत नाही. मैदानात एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने बरोबर उभी रोवायची आणि दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजायची. ती बाराला पडत नाही. आपली घड्याळं ८२.५ रेखांशाची आहेत आणि इंदूर ७६ च्या जवळ, त्यामुळे मध्यान्ह साधारण सव्वाबारा ते पाऊण या वेळात येतो, महिन्यागणिक बदलत. बारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी टोकाशी खूण करत गेलं की सापडतो. सावलीचं टोक सेंटिमीटरभर पुसट असतं, कारण सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे. पुसट पट्ट्याचा मध्य धरावा.

२३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो, तेव्हा सावली ४२ सेंटिमीटरच्या आसपास येते. दहावीला टॅन शिकवलेलाच असतो: ०.४२ चा कोन २२.७ अंशांच्या जवळ, म्हणजे इंदूरचा अक्षांश. २२ डिसेंबरला हीच सावली १०४ सेंटिमीटर होते, कोन ४६ अंशांच्या जरा वर. दोन्हींची वजाबाकी केली की पृथ्वीच्या आसाचा कल हातात येतो, २३.४ च्या आसपास. २१ जूनला तर सावली सेंटिमीटरभरच पडते आणि तीही दक्षिणेला, कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला उज्जैनच्या बाजूने जातं. त्या दिवशी आकाश साथ देईलच असं नाही. डिसेंबरची तारीख चार दिवस मागे-पुढे झाली तरी बिघडत नाही, फरक काही मिलिमीटरचाच पडतो. सप्टेंबरमध्ये मात्र सावली रोज जवळपास ८ मिलिमीटरने वाढते. २३ ला रविवार किंवा ढग आडवे आले तर आदल्या आणि नंतरच्या दिवशी मोजून सरासरी घ्यावी.