कोअर काढणारी मशीन विहिरीजवळ येण्याआधी

किनवट तालुक्यात आमचं शेत गावठाणाला लागून आहे. बांधावर विहीर आहे आणि चैत्रात नळ बंद पडले की अर्धी वस्ती तिच्यावर येते. त्यामुळे आमच्या शिवारात सिमेंटच्या चुनखडीचा शोध घ्यायला ड्रिलिंग होणार, म्हणजे मशीननं खोल छिद्रं पाडणार असं तलाठ्यांनी सांगितलं, तेव्हा मला पहिली काळजी लागली ती विहिरीची. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. आमच्या पूर्वेच्या टोकाला तो पातळ होत संपतो आणि खालचा चुनखडक, ग्रॅनाइट वर येतो. म्हणून अशी मशीन आमच्याकडे येतात.

गावात मात्र पहिला प्रश्न निघाला भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट माझ्या सासूबाई विसरलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एवढं खोल भोक पाडल्यावर जमीन हलंल की!" मी हा प्रश्न साइटवरच्या भूवैज्ञानिकाला जसाच्या तसा विचारला. तरुण मुलगा होता, पण त्यानं हसण्यावारी नेलं नाही. त्यानं सांगितलं, "ताई, खुद्द किल्लारीतच भूकंपानंतर अभ्यासासाठी ६१७ मीटर खोल छिद्र घेतलंय. ३३८ मीटरपर्यंत बेसाल्टच, म्हणजे आपला काळा पाषाण, होता, त्याच्या खाली जुना खडक लागला." इथं बाहेर येणारी दगडाची कांडी, म्हणजे कोअर, साधारण ४८ मिलिमीटर जाडीची आणि छिद्र ७६ मिलिमीटरचं असणार होतं. तेवढ्या भोकानं भूकंप होत नाही, हे सासूबाईंना पटलं. भीती कमी झाली की माणसं नेमके प्रश्न विचारायला लागतात, हे मी त्या आठवड्यात पाहिलं.

रेल्वेनं नांदेडला जाऊन मी खनिकर्म कार्यालयातून परवान्याची प्रत घेतली. आमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतं, त्यामुळे ग्रामसभेनं नाही म्हटलं की काम थांबेल असं अनेकांना वाटत होतं. पण १९९६च्या पेसा कायद्यात परवान्याआधी ग्रामसभेची शिफारस सक्तीची आहे ती वाळू-मुरूमासारख्या गौण खनिजासाठी, आणि सिमेंटची चुनखडी प्रमुख खनिजात धरतात. हे ऐकून काही जण खचले. मग १९५७च्या खाण व खनिज कायद्यातलं कलम २४-अ आम्ही सभेत मोठ्यानं वाचलं. परवानाधारकाला शेतात येता येतं. पण घरात किंवा घराला लागून असलेल्या बंदिस्त अंगणात, बागेत शिरायचं तर राहणाऱ्याची संमती हवी, नाहीतर निदान सात दिवस आधी लेखी नोटीस हवी. जमिनीच्या वरच्या भागाचं झालेलं नुकसान आणि होऊ शकणारं नुकसान, दोन्हींची भरपाई ताबेदाराला द्यावी लागते. म्हणजे नुकसान व्हायच्या आधीच त्यावर बोलायला कायद्यानं जागा ठेवली आहे, आणि आम्ही ती धरली.

ग्रामसभेत दोन मतं होती. मशीन शिवारात येऊच द्यायचं नाही, असं तरुणांचं म्हणणं होतं. माझं म्हणणं होतं की अडवून काही दिवस जातील, पण नंतर मशीनवाले आले तर कुठल्याही अटीशिवाय येतील. वाद बराच झाला. शेवटी ठराव झाला तो अटींचा.

सगळ्यात मोलाचं काम ठरलं ते मशीन येण्याआधीचं. ग्रामसेवक आणि तो भूवैज्ञानिक दोघांच्या समोर आसपासच्या सगळ्या विहिरी आणि हातपंप आम्ही मोजले. म्हातारी माणसं परस या जुन्या मापात खोली सांगत होती, आम्ही टेप सोडून मीटरमध्ये लिहीत होतो. मोटर चालवून पाणी उपसलं आणि परत तेवढं भरायला किती वेळ लागतो तोही टिपला. नुसती पातळी पाहून विहिरीची ताकद कळत नाही. प्रत्येक विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि त्यांवर सह्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या. एक बाटली प्रयोगशाळेत गेली, दुसरी पंचायतीच्या कपाटात. जवळच्या घरांच्या भिंतींचे, आधीच्या भेगांसकट, फोटो काढले.

मग अटी. आमच्या विहिरीजवळचा छिद्राचा एक बिंदू बराच लांब सरकवायला सांगितला. दोन छिद्रांत शेकडो मीटरचं अंतर असताना थोडं सरकवल्यानं त्यांच्या नकाशाचं फार बिघडत नाही, हे भूवैज्ञानिकानंच कबूल केलं. वेळेवरून जास्त ताणलं. त्यांना दोन पाळ्यांत रात्रभर चालवायचं होतं. २०००च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डिझेल इंजिनाचा आवाज आणि रॉड एकमेकांवर आपटल्याचा खणखणाट हे दोन्ही घरांच्या एवढ्या जवळ त्यात बसणारच नव्हते. घरांजवळच्या छिद्रांचं काम संध्याकाळी सातला बंद, असं ठरलं. इंजिनाचं तोंड वस्तीच्या उलट बाजूला करायचं, मागे मातीच्या पोत्यांचा आडोसा, आणि रॉड फेकायचे नाहीत तर लाकडावर ठेवायचे. हे शेवटचं अगदी बारीक वाटेल, पण खरा फरक त्यानंच पडला.

ड्रिलिंगला पाणी फार लागतं. ते गावच्या विहिरींतून घ्यायचं नाही, बाहेरून टँकरनं आणायचं. परत येणारा गाळ ज्या खड्ड्यात साठतो त्याला शेततळ्याचं प्लास्टिक अंथरायचं आणि भोवती कुंपण घालायचं, कारण आमची गुरं मोकळी चरतात. डिझेलच्या टाकीखाली पत्र्याचा ट्रे ठेवायचा. तक्रारीसाठी एकच माणूस, एकच फोन नंबर आणि पंचायतीत एक वही.

आणि ती वही कामाला आली. चुनखडकात पोकळ्या असतात. एका छिद्रात मशीनखाली सोडलेलं पाणी वर येणंच बंद झालं, ते कुठल्यातरी पोकळीत जात होतं. थोड्याच वेळात शेजारच्या काकांच्या विहिरीचं पाणी राखाडी-दुधट झालं. ड्रिलिंगच्या पाण्यात बेंटोनाइट माती कालवलेली होती. ती विषारी नसली तरी तसलं पाणी लेकरांना कसं पाजणार? काका हातात काठी घेऊन निघाले होते. त्यांना थांबवून आम्ही कपाटातली बाटली काढली आणि विहिरीतलं ताजं पाणी शेजारी ठेवलं. वादाला जागाच राहिली नाही. मशीन बंद झालं, प्यायच्या पाण्याचा टँकर सुरू झाला, पोकळीच्या भागात छिद्राला आतून लोखंडी केसिंग, म्हणजे पाइप, टाकलं, आणि त्यांच्या खर्चानं विहीर उपसली. पाणी निवळलं की नाही हे प्रयोगशाळेच्या अहवालावरच ठरवायचं असं आम्ही धरून बसलो, आणि तसंच झालं.

भरपाईचा कंटाळवाणा भाग थोडक्यात सांगते. मशीन जायच्या वाटेत आमची तूर मोडली. ई-पीक पाहणीत नोंद होती आणि पंचनाम्यावर तलाठ्यांची सही होती, म्हणून पैसे मिळाले. ज्यांची नोंद नव्हती त्यांना खूप झगडावं लागलं.

शेवटी आम्ही छिद्रं बुजवण्यावर अडून बसलो. नुसती माती लोटून किंवा वर दगड ठेवून भागत नाही. उघडं राहिलेलं छिद्र वरच्या थरातलं पाणी खालच्या थरात उतरवू शकतं आणि विहिरी आटू शकतात, शिवाय वरची घाण सरळ खाली जाते. सिमेंटची पातळ रबडी पाइपानं तळापासून वर भरत आणायची, हे ठरावात होतं. प्रत्येक छिद्राच्या वेळी गावातला एक माणूस उभा राहिला आणि किती पोती सिमेंट गेलं ते वहीत लिहिलं. खड्ड्यातला गाळ उचलून नेला आणि बाजूला काढून ठेवलेली वरची काळी माती परत पसरली.

विहिरी आम्ही दर महिन्याला अजून मोजतो, एक उन्हाळा आणि एक पावसाळा पूर्ण होईपर्यंत. पुढचं ड्रिलिंग शेजारच्या शिवारात आहे. त्या गावच्या सरपंचबाईंना ठरावाची प्रत दिली आहे, आणि मशीन यायच्या आधी त्यांच्या विहिरी मोजायला आमच्यातले चौघं टेप घेऊन जाणार आहेत.