उडी वाढवायची तर आधी उतरायला शिका

साताऱ्यात किंवा सांगलीत सकाळी सहाला मैदानावर जा, कुठल्यातरी कोपऱ्यात बेडूक उड्या चाललेल्या दिसतील. पन्नास, शंभर, कधी दोनशे. पोरं घामाघूम, मांड्या भरून आलेल्या, सर खूश. उतरल्या उतरल्या झटकन उसळायच्या व्यायामाला प्लायोमेट्रिक म्हणतात. बेडूक उड्यांना ते नाव द्यायचं तर शाळेत वर्गाबाहेर मिळणारी शिक्षाही प्लायोमेट्रिकच.

या व्यायामात पाय जमिनीला टेकल्यापासून सुटेपर्यंतची वेळ महत्त्वाची. उतरताना पोटरीचे आणि मांडीचे स्नायू ताणले जातात, टाचेमागचा जाड कंडरा स्प्रिंगसारखा ताण साठवतो, आणि लगेच उलटं ढकललं तर त्यातला बराच भाग उडीत परत मिळतो. मध्ये रेंगाळलात की तो वाया जातो. करून बघा: एक उडी गुडघे वाकवून तीन सेकंद थांबून मारा, दुसरी झटकन खाली जाऊन न थांबता. दुसरी काही सेंटिमीटर वर जाते. उकिडवं बसून मारलेल्या बेडूक उडीत हा फायदा फारसा उरत नाही, आणि विसाव्या उडीनंतर ती नुसती दमछाक असते.

सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेरखोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचावरून खाली उतरून तिथूनच उसळायची पद्धत मांडली. ‘प्लायोमेट्रिक’ हे नाव १९७५ मध्ये अमेरिकेच्या फ्रेड विल्ट यांनी दिलं. मूळ पद्धत तयार खेळाडूंसाठी होती आणि उड्या मोजक्या होत्या. आपल्याकडे उतरायचा खोका तेवढा पोचला, मोजकेपणा वाटेतच राहिला.

खरं तर आपली लंगडी याच्या जास्त जवळची. चवड्यावर, टाच न टेकवता, पटापट. खो-खोच्या पोरांना ती मुद्दाम शिकवावी लागत नाही.

पहिले दोन आठवडे उड्या मारायच्याच नाहीत, फक्त उतरायचं. दोन पायऱ्यांएवढ्या, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर उंचीवरून पाऊल पुढे टाकून खाली यायचं, दोन्ही पाय एकदम, चवडा आधी आणि मग टाच हलकेच. कंबर मागे, छाती किंचित पुढे, तीन सेकंद स्थिर. अशी पाचची तीन आवर्तनं. कान उघडे ठेवा: धप्प आवाज आला तर भार स्नायूंनी झेलला नाही, हाडांनी झेलला. जोडीदाराला समोर उभं करा, कारण गुडघे आत वळतात ते स्वतःला दिसत नाही. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. मुलींमध्ये हा दोष जास्त दिसतो, आणि गुडघ्याला आतून धरून ठेवणारा एसीएल लिगामेंट तुटतो तो बऱ्याचदा अशाच उतरण्यात.

तिसऱ्या आठवड्यापासून गुडघे जवळजवळ सरळ ठेवून नुसत्या घोट्यातून उड्या, दहाच्या तीन फेऱ्या. जागेवरून पूर्ण जोर लावून उंच उडी, पाचच्या चार. जागेवरून लांब उडी, तीनच्या तीन. झाले साठेक टेकू. मोजायचं ते हेच, पाय किती वेळा जमिनीला टेकला. पाचव्या आठवड्यापासून लंगडी आणि छोट्या अडथळ्यांवरच्या उड्या घेऊन आकडा ८० ते १०० वर न्या. नवख्याला त्यापुढे जायचं काही कारण नाही. जोराच्या फेऱ्यांमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती. पोरांना ही विश्रांती आळस वाटते, पण ती कापली की पुढची फेरी मंद होते आणि मंद उडीतून मंद उडीच शिकली जाते.

आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार-गुरुवार धरा, मध्ये किमान ४८ तास. भरतीची तयारी करणारे १६०० मीटर पळून झाल्यावर उड्या मारतात; क्रम उलटा हवा. अंग गरम केलं की आधी उड्या, पळणं नंतर. पळणाऱ्याला उड्या कशाला, असं विचारणाऱ्यांनी माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर आठवाव्यात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी ज्या ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. म्हणजे दमलेल्या पायांनी ३५ वेळा उतरणं.

उंचावरून उतरून उसळण्याची पाळी दोन महिन्यांनंतर. उंची अंदाजाने घेऊ नका. २०, ३०, ४०, ५० सेंटिमीटरवरून प्रत्येकी तीन उड्या मारा आणि भिंतीवर खडूच्या बोटांनी खूण करा. ज्या उंचीला खूण खाली आली किंवा टाच आपटली, तिच्या आधीची उंची तुमची. पाचच्या चार फेऱ्या पुरे. शंभर किलोच्या वरच्या पैलवानाने ४५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊच नये. उंच खोक्यावर चढायची व्हिडिओतली उडी वेगळीच: त्यात गुडघे पोटाशी किती येतात तेच दिसतं, आणि चुकलं तर लोखंडी कडेवर नडगी सोलून निघते.

मोबाइलचा स्लो मोशन इथे फार उपयोगी. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर ६० फ्रेम म्हणजे पाव सेकंद. घोट्याच्या उड्यांत पाय त्याच्या आत सुटायला हवा. हवेतल्या फ्रेम मोजल्या की उंचीही निघते: १२० फ्रेमला साधारण ३१ सेंटिमीटर, १४४ ला ४४. गुडघे दुमडून उतरलात तर आकडा खोटा फुगतो.

जागा. डांबर आणि काँक्रीट नको. सांगलीकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात घोटा गेला की महिना गेला. पावसात तर तिथे उभंही राहवत नाही. गवत उत्तम, पण थंडीत दव वाळेपर्यंत थांबा. तालमीची लाल माती उतरायला शिकण्यासाठी छान, वेगाच्या उड्यांसाठी मात्र फार मऊ, पाय रुतून वेळ वाढतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा चढ आहे. चढावर उडी मारली की पाय वरच्या जागी टेकतो, त्यामुळे आदळणं कमी. खाली येताना मात्र चालतच या.

मांड्या दुखल्या तर काळजी नाही. गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवून नेमकं दुखत असेल आणि सकाळी पहिल्या पायऱ्या उतरताना कळ येत असेल, तर उड्या बंद करून फिजिओथेरपिस्टला दाखवा. बारा ते पंधरा वर्षांच्या पोराला वाटीखालच्या हाडावर दुखरा उंचवटा आला असेल तर तो ‘वाढीचा त्रास’ म्हणून रेटू नका. तो ऑसगुड-श्लाटर, म्हणजे वाढत्या वयातला गुडघ्याचा विकार, असू शकतो. दुखणं उतरेपर्यंत त्याला उड्यांऐवजी पोहायला पाठवा.