मसल कार की छोटा हत्ती?

मागच्या नोव्हेंबरात मित्राच्या डॉज चॅलेंजरची (म्हणजे मसल कार, मोठ्या इंजिनाची, भरपूर पॉवरवाली अमेरिकन गाडी) चाकं बदलायला गेलो आणि कंबर धरून घरी आलो. इथे मिशिगनमध्ये बर्फ पडायच्या आत उन्हाळी टायर काढून विंटर टायर चढवायचे हे दरवर्षीचं काम, आणि त्याचे टायरवाल्याला पैसे कशाला द्यायचे म्हणून आम्ही दोघं मराठी वीर गॅरेजमध्ये जॅक लावून बसतो. वीस इंची चाक, त्यावर भलामोठा रुंद टायर, ते मांडीवर घ्यायचं, उचलायचं आणि पाच भोकं बरोब्बर पाच स्टडवर नेऊन बसवायची. तिसऱ्या चाकाला माझ्या कमरेत कट्ट झालं. मग बसल्या बसल्या ते चाक बॅगा मोजायच्या काट्याला अडकवलं तर अठ्ठावीस किलो! म्हणजे मुंबईच्या फ्लाइटला एक बॅग तेवीस किलोची, हे चाक चेक-इन करायला गेलो असतो तर काउंटरवरच एक्स्ट्रा पैसे भरावे लागले असते. आणि अशी चार.

आमच्या समोरच्या घरात एक रिटायर्ड आजोबा राहतात, त्यांच्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे. चौदा इंची चाकं, ती मी आरामात उचलतो. गाडीचं बॉनेट एका हाताने वर जातं आणि दार लावलं की पत्र्याच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज येतो. माझी २०१८ ची मस्टँग जीटी, तिचं दार लावलं की नुसतं 'धप्'. तेव्हापासून हे वजनाचं प्रकरण डोक्यात बसलंय.

मस्टँग पहिल्यांदा लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ ला, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये. सहा सिलिंडरवाली अकराशे किलोच्या आसपास, आठ सिलिंडरची व्ही-८ घेतली तर तेराशेच्या आतबाहेर. आजची नवी जीटी साडेसतराशे किलोच्या घरात. चॅलेंजरचं जोरदार इंजिनवालं हेलकॅट मॉडेल दोन टनांच्या वर. आपली स्विफ्ट नऊशे किलोच्या आसपास असते म्हणजे एका हेलकॅटच्या वजनात दोन स्विफ्ट आणि वर मागच्या सीटवर दोन-तीन माणसं.

पण ही रड आजची नाहीये बरं का. १९६८ साली फोर्डच्या शेअरहोल्डर्सच्या सभेत एका बाईंनी उभं राहून तक्रार केली होती की मला माझी पहिली छोटी मस्टँग आवडते, तुम्ही ती दरवर्षी फुगवताय कशाला. तरी १९७१ ला अजून मोठी आलीच. मग १९७४ ला मस्टँग टू, लांबीला पहिल्या मस्टँगपेक्षाही छोटी, नेमकं अरबांनी तेल बंद केलं त्याच सुमाराला बाजारात, पहिल्या वर्षात पावणेचार लाखांच्या वर खपली. आणि आज मस्टँगवाले तिला काय म्हणतात? नावं ठेवतात. म्हणजे जाड झाली तरी बोंब, बारीक केली तरी बोंब.

आता जरा अलीकडचं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. २०१६ ला शेवरलेने कॅमेरो नवीन केली ती कॅडिलॅकच्या छोट्या सेडानच्या प्लॅटफॉर्मवर, आणि एसएस मॉडेलचं वजन नव्वद-शंभर किलोंनी उतरवलं, साधारण १,६७० वर आणलं. मस्टँग, चॅलेंजर आणि कॅमेरो या तिघींमध्ये वळणावर सगळ्यात चपळ हीच, टेस्ट ड्राइव्ह घेतली तेव्हा मी खरंच येडा झालो होतो (खिडक्या मात्र बंकरच्या फटीसारख्या, पार्किंगमध्ये देवाचं नाव घ्यायचं). दुसरीकडे डॉजने काय केलं, तर २००८ ला जी भलीमोठी चॅलेंजर आणली तीच १५ वर्षं विकली, सांगाडा तोच, फक्त इंजिन वाढवत नेलं. आणि खप? २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षं चॅलेंजरने मस्टँगला मागे टाकलं आणि कॅमेरो तर बिचारी निम्म्याच्याही खाली. २०२३ संपताना कॅमेरो बंद झाली. चॅलेंजरही बंद झाली म्हणा, पण ती गाजतवाजत गेली. म्हणजे जिने डाएट केलं ती उपाशी मेली आणि जी जेवत राहिली तिच्यावर लोक जीव ओवाळत बसले. यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये 'गाड्या किती जड झाल्यात' म्हणून रडणारे आम्हीच आणि शोरूममध्ये जाऊन ऐसपैस मागची सीट आणि मोठी डिक्की मागणारेही आम्हीच.

बरं वजन येतं कुठून? एअरबॅग, साउंडप्रूफिंग, मागचं इंडिपेंडंट सस्पेन्शन, गरम-थंड होणाऱ्या सीटा, हे सगळ्यांना माहितीये. मला सगळ्यात भारी वाटतो तो छपराचा नियम. अमेरिकेत २००९ मध्ये नियम कडक केला की गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून छपराने गाडीच्याच वजनाच्या तिप्पट भार सोसला पाहिजे, आधी तो दीडपट होता. आता गाडी जेवढी जड तेवढं छप्पर भक्कम, त्याला खांब जाड, त्याने गाडी अजून जड. ब्रेकचंही तेच, जास्त पॉवर म्हणून मोठी डिस्क, मोठी डिस्क मावायला मोठं चाक, आणि मोठं चाक उचलायला मी.

डॉजवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. चॅलेंजरचं २०१८ चं डीमन मॉडेल काढलं तेव्हा शंभर किलो कमी करायला त्यांनी बाकीच्या काटछाटीबरोबर ड्रायव्हरची सोडून सगळ्या सीटा काढून टाकल्या, पुढची एक आणि मागची, प्रत्येकी पंचवीस किलोच्या आसपास. आणि मग तीच सीट परत हवी असेल तर एक डॉलर! एक डॉलरला सीट मिळत असताना नको कोण म्हणेल राव.

आणि सरळ रस्त्यावर हे वजन कळतच नाही. ८४० हॉर्सपॉवर लावल्यावर दोन टन काय आणि दीड टन काय, घड्याळ छानच आकडा दाखवतं. मित्राच्या गाडीत बसून हायवेच्या रॅम्पवर वळलं की मात्र कळतं, पुढचे टायर कुरकुरतात आणि गाडी बाहेरच्या कडेला ओढत राहते, अंगावर बसलेल्या म्हशीला बाजूला सरकवावं तसं काहीसं. टायरही दोन सीझनमध्ये गुळगुळीत.

आता तर डॉजची 'चार्जर डेटोना' ही इलेक्ट्रिक गाडी आलीये. १०० किलोवॅट-अवरची बॅटरी, ६७० हॉर्सपॉवर, वजन साधारण २,६५० किलो. व्ही-८ चा आवाज नाही म्हणून स्पीकरवरून गुरगुर काढतात. तीच गाडी सहा सिलिंडर पेट्रोलमध्येही आणलीये, ती पण दोन टनांच्या वरच.

ऑगस्टमध्ये आमच्याकडे बाबा आले होते, त्यांना वुडवर्ड ड्रीम क्रूझला नेलं. ऑगस्टचा तिसरा शनिवार, वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची नुसती जत्रा असते. तिथे एक डेटोना उभी होती, मी उत्साहात वजन सांगितलं. बाबांची आख्खी नोकरी ट्रान्सपोर्टमध्ये गेली, ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अरे, भरलेला छोटा हत्ती टेम्पो दीड टनाचा असतो. यात किती माल बसतो?"

मी म्हटलं, चार माणसं.

"मग उरलेलं टन कसलं?"

मी बॅटरी, मोटर, एअरबॅग सांगत बसलो तोवर ते पुढच्या गाडीकडे गेले होते. संध्याकाळी घरी आल्यावर समोरच्या आजोबांनी त्यांना '६६ च्या मस्टँगमध्ये एक चक्कर मारून आणलं. बाबा एकदम खूश, फियाट चालवायचो तेव्हा असाच वास यायचा म्हणे. आत फक्त कमरेचा पट्टा, डोकं टेकायला काही नाही, एसी नाही. उतरल्यावर हळूच मला मराठीत म्हणाले, "गाडी झकास आहे रे, पण सूनबाईंना आणि पोराला घेऊन जाताना तू तुझी जाडीच काढ."

यंदा चाकं मात्र टायरवाल्याकडे. मित्राला सांगून ठेवलंय.