बसायचं चित्र

जेवण झालं की मोबाईल हातात घेऊन आडवं व्हायचं, ही माझी वाईट खोड. परवा तसाच पडलेलो असताना एक जुना काळा-पांढरा फोटो समोर आला. जमिनीवर वाकलेला एक माणूस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून रेघ सोडतोय. म्हटलं, रांगोळी! तर तो निघाला अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या नवाहो या आदिवासी जमातीतला गायक. त्यांच्यात उपचार करणारा गायकच असतो. होगनमध्ये, म्हणजे पूर्वेला दार असलेल्या घरात, तो आजाऱ्यासाठी रंगीत वाळूचं चित्र काढतो.

लहानपणी आमच्या अंगणात रांगोळी निघाली की घराला कर्फ्यू लागायचा. एका दिवाळीत मामेभावाचा पाय मोराच्या मानेवर पडला. ताई त्याच्याशी थेट भाऊबीजेला बोलली, तेही ओवाळणी होती म्हणून.

आणि नवाहो? चित्र पुरं झालं की आजाऱ्याला चक्क त्यावर बसवतात. गायक ओला हात चित्रातल्या देवाच्या पायाला लावतो, तीच वाळू आजाऱ्याच्या पायाला. मग गुडघ्याची गुडघ्याला, डोक्याची डोक्याला. गाणं चालूच. देवाचं बळ वर चढतं, दुखणं खाली वाळूत उतरतं. म्हणूनच ती वाळू ठेवायची नाही. त्याच दिवशी पुसून बाहेर नेऊन टाकायची. नऊ रात्रींच्या विधीतही हाच नेम.

रंग साधारण ठरलेले: पूर्वेला पांढरा, दक्षिणेला निळा, पश्चिमेला पिवळा, उत्तरेला काळा. तीन बाजूंनी इंद्रधनुष्याचा पहारा. पूर्व मात्र मोकळी, देवांना यायला. मला हे फार आवडलं. आमची ताई चारही बाजूंनी किनार बंद केल्याशिवाय उठायची नाही.

होस्टीन क्ला नावाच्या गायकाने मात्र ही पुसायची चित्रं गालिच्यांत विणली. लोकांना ते रुचलं नाही. अशाने काहीतरी अरिष्ट येणार, ही भीती. पण त्याला सगळं बुडून जाण्याची धास्ती होती. त्याचा शिष्यही त्याच्याआधीच गेला. क्ला वारला १९३७ साली, आणि त्याच वर्षी तिकडच्याच सांता फे शहरात त्याच्या सहभागाने उभं राहिलेलं संग्रहालय उघडलं.

मी ट्रेनची जुनी तिकिटंसुद्धा जपून ठेवणारा. तेव्हा माझं मत क्लालाच. अर्थात मी आजारी नाही, म्हणून हे म्हणतोय.