तळमजल्यावरच्या आजींचं मत

गेल्या आठवड्यात मी दुसऱ्याचं मत हातात घेऊन स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालन शहराच्या बर्फातून चालत गेले. तळमजल्यावरच्या आजींचा गुडघा धरला होता आणि बाहेर सगळं निसरडं झालेलं. इथे वर्षातून साधारण चार वेळा मतदान असतं. पाकीट घरी येतं, मतपत्रिका भरायची, सोबतच्या कार्डावर सही करायची आणि पाकीट बंद करून टपालाने पाठवायचं किंवा नगरपालिकेच्या पेटीत टाकायचं. आजींचा टपालावर विश्वास आहे, पण पेटीवर जास्त. "हरवू नकोस," असं त्यांनी दोनदा बजावलं. मी म्हटलं, नाही हरवणार. तर म्हणाल्या, "१९७१ पासून मी एकही मतदान चुकवलेलं नाही."

मी सहज विचारलं, त्याआधी काय झालं होतं?

"त्याआधी मला मतच नव्हतं."

आजी १९४४ सालच्या. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षापर्यंत, शिकलेल्या, कमावत्या, लग्न झालेल्या या बाईला देशाच्या कारभारात मत नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मताधिकार उशिरा मिळाला, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण ते वाचणं वेगळं आणि रोज जिच्यासोबत तळघरात कपडे वाळत घालते त्या बाईच्या तोंडून ऐकणं वेगळं. पेटीपर्यंतची पंधरा मिनिटं मी ते पाकीट कोटाच्या आतल्या खिशात धरून चालले.

खरं सांगते, मला आधी अभिमान वाटला. आपला. १८४८ साली या देशाची संघराज्य घटना झाली आणि पुरुषांना मत मिळालं. त्याच १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव मुलींची शाळा उघडत होते. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची, आणि त्यात बाई-पुरुष असा भेद नव्हता. माझी आजी निरक्षर होती. कराडजवळच्या आमच्या गावात ती पहाटे स्वयंपाक उरकून मत द्यायला गेली होती, आणि ती गोष्ट तिने आम्हाला शंभर वेळा सांगितली. ती बैलजोडीचं चित्र बघून त्या पेटीत मतपत्रिका टाकत होती तेव्हा युरोपातल्या या श्रीमंत, घड्याळासारख्या चालणाऱ्या देशातली शिकलेली बाई मतदान केंद्राच्या बाहेर होती. इथली माणसं मला "तुमच्याकडे बायकांची परिस्थिती कठीण असते ना?" असं विचारतात, तेव्हा यापुढे मी १९५२ आणि १९७१ हे दोन आकडे सांगणार आहे.

अर्थात आपल्या त्या पहिल्या यादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळावी लागली होती, कारण त्यांनी आपलं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. हेही मला माहीत आहे.

इथे एवढा उशीर का झाला, हे मी आजींना विचारलं तर त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं: "कारण पुरुषांना विचारलं." फिनलंडमध्ये १९०६ ला, जर्मनीत १९१८ ला, फ्रान्समध्ये १९४४ ला हा निर्णय झाला. इथे घटनेत बदल करायचा तर जनतेचं मतदान लागतं, शिवाय राज्यांचंही बहुमत लागतं. इथल्या राज्यांना कांटोन म्हणतात. आणि 'जनता' म्हणजे मत असलेले, म्हणजे पुरुष. ज्या लोकशाहीचं जगभर कौतुक होतं तिनेच बायकांची वाट अडवली होती. १ फेब्रुवारी १९५९ ला पहिल्यांदा कौल घेतला तेव्हा ६६.९ टक्के पुरुषांनी 'नाही' म्हटलं. व्हो, न्यूशातेल आणि जिनिव्हा हे फ्रेंच बोलणारे तीन कांटोन तेवढे 'हो' म्हणाले. बायका आधीपासून मागणी करतच होत्या. १९२८ साली बर्नमध्ये महिलांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या मिरवणुकीत त्यांनी एक भली मोठी गोगलगाय ओढत नेली. मताधिकाराचा वेग असा आहे, हे दाखवायला.

वळण आलं ते १९६८ च्या सुमारास. सरकारला युरोपच्या मानवी हक्क करारावर सही करायची होती, पण बायकांच्या मताधिकारापुरता अपवाद ठेवून. हा अपवाद बायकांना झोंबला. १ मार्च १९६९ ला बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एमिली लीबरहेर यांच्या पुढाकाराने हजारो माणसं बर्नला संसदेसमोरच्या चौकात जमली आणि शिट्ट्या वाजवून त्यांनी चौक दणाणून सोडला. त्यानंतर दोन वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९७१ ला, पुन्हा कौल झाला आणि ६५.७ टक्के पुरुषांनी 'हो' म्हटलं. बारा वर्षांत आकडा जवळजवळ उलटा झाला. आजींनी पहिलं मत त्याच वर्षी जूनमध्ये दिलं, पर्यावरण संरक्षणाचं कलम घटनेत घालावं यासाठी. ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

पण हा अधिकार देशाच्या मतदानापुरता होता, आणि आजींचं माहेर आपेन्त्सेल इनररोडन या कांटोनातलं. इथून लाल गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. तिथे कांटोनचे निर्णय चौकात जमून, हात वर करून घेतात. पुरुष कमरेला तलवार किंवा कट्यार लावून येतात, तीच त्यांची मतदार असल्याची खूण. त्या चौकातल्या पुरुषांनी एप्रिल १९९० मध्येसुद्धा बायकांना 'नाही' म्हटलं. १९९० मध्ये! शेवटी त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कांटोनच्या घटनेत नागरिकांसाठी जे शब्द आहेत, त्यांत बायकाही येतात. याच न्यायालयासमोर १८८७ साली एमिली केम्पिन-श्पीरी या कायदा शिकलेल्या बाईने असाच मुद्दा मांडला होता, की 'स्विस' या शब्दात आपणही येतो. तेव्हा न्यायालयाने हा अर्थ जितका नवा तितकाच धाडसी आहे असं म्हणून तिला परत पाठवलं होतं. मधे १०३ वर्षं गेली. आजींची धाकटी बहीण अजून तिथेच राहते. तिने आपल्या चौकात पहिल्यांदा हात वर केला तो एप्रिल १९९१ मध्ये. तेव्हा तिची मुलगी कॉलेजात होती.

आता माझ्या रोजच्या रागाकडे येते. तो राग दुपारी बाराचा आहे.

माझी मुलगी किंडरगार्टनला जाते. सकाळी आठच्या पुढे शाळा, बाराच्या आत सुट्टी. मुलांनी घरी यायचं, गरम जेवायचं. आठवड्यातल्या काही दिवशी दीडनंतर पुन्हा शाळा. म्हणजे साडेअकराला घरात कुणीतरी हवं, स्वयंपाक झालेला हवा, आणि ते 'कुणीतरी' कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. शाळेजवळ दुपारच्या जेवणाची सोय आहे, तिला मिटाग्सटिश म्हणतात. पण जागा मोजक्या, पैसे भरपूर, आणि आमचं नाव प्रतीक्षायादीत. पुण्यात मी नऊ वर्षं गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेतल्या. सकाळी डबा भरला की शाळेची बस, आणि संध्याकाळी आई नाहीतर सासूबाई घरी. इथे मी दिवसाचे दोन तुकडे हातात घेऊन बसते. पहिला तुकडा पोळ्या होईपर्यंत संपतो, दुसरा भांडी आवरेपर्यंत. या देशात आगगाड्या एका मिनिटाच्या हिशोबाने एकमेकींना जोडलेल्या असतात, मग शाळेची वेळ आणि ऑफिसची वेळ कुणालाच का जोडता आली नाही? ती जोडायची गरजच नव्हती, कारण मधली जोडणी घरातली बाई करत होती. शाळेतल्या बाईंना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलांना घरचं जेवण मिळतं, छान नाही का?" छान आहे. माझ्या मुलीला रोज गरम वरणभात मिळतो, हे मी पुण्यात कधी करू शकले नव्हते. आणि तरीही मला राग येतो.

बाळंतपणाच्या रजेचंही तसंच. घटनेत १९४५ साली तरतूद झाली, प्रत्यक्ष देशभर पगारी रजा मिळाली २००५ मध्ये, १४ आठवडे, ८० टक्के पगार. आपल्याकडे कायदा १९६१ चा आणि आता २६ आठवडे. (तो शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही, हे माहीत असूनही मी हा आकडा इथे सगळ्यांना ऐकवला आहे.)

हा राग मी एकदा तळघरात आजींसमोर काढला. तो आमच्या मजल्याचा धुण्याचा दिवस होता. त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि शांतपणे त्यांची गोष्ट सांगितली. १९६८ साली त्यांना भरतकामाच्या एका कारखान्यात हिशोबाचं काम मिळत होतं. सांक्ट गालनचं भरतकाम जगभर जातं, चांगली नोकरी होती. मालकाने विचारलं, नवऱ्याची संमती आहे का? आणि यांच्यासमोरच त्यांच्या नवऱ्याला फोन लावला. तेव्हाचा कायदाच तसा होता: नवरा कुटुंबाचा प्रमुख, बायकोने बाहेर काम करायचं तर त्याची संमती हवी. हा कायदा बदलायला १९८५ च्या मतदानात ५४.७ टक्क्यांनी 'हो' म्हटलं आणि नवा कायदा १ जानेवारी १९८८ ला लागू झाला. "माझा नवरा चांगला होता," आजी म्हणाल्या. "त्याने लगेच हो म्हटलं. पण मी खुर्चीत बसून त्याच्या 'हो'ची वाट बघितली, ते मी विसरले नाही."

मी तावातावाने सांगायला लागले की आमच्याकडे असा कायदा नव्हता, माझ्या आईने बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आणि बोलता बोलता मला माझ्या लग्नाची बोलणी आठवली. आमच्या बैठकीच्या खोलीत, पोह्यांच्या बशा हातात, सासरचे म्हणाले होते, "मुलीला नोकरी करायची असेल तर आमची काही हरकत नाही." बाबांच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता. माणसं पुढारलेली आहेत, असं सगळ्या नातेवाइकांना आम्ही अभिमानाने सांगितलं. मीही सांगितलं. त्या दिवशी मी वाट बघतेय असं मला वाटलं नव्हतं, पण मी दाराआड उभी होते आणि ते वाक्य ऐकेपर्यंत माझा श्वास अडकला होता.

इथे येताना मात्र मला कुणी काही म्हटलं नाही. नोकरी मी स्वतः सोडली. नवऱ्याची ही संधी मोठी होती, मुलगी तीन वर्षांची होती, भाषा येत नव्हती. माझा निर्णय होता. हे मी फोनवर मैत्रिणींना पुन्हा पुन्हा सांगते, आणि ते खरं आहे.

आजींनी त्यावर काही म्हटलं नाही. चादरीची घडी पूर्ण केली. आमच्या वयात एवढं अंतर, तरी त्यांनीच मला मागे 'तू' म्हणायला सांगितलं. इथे ते मोठ्यांनीच सुचवायचं असतं. माझी जीभ अजून वळत नाही, मी 'तुम्ही'च म्हणते. त्या रागावत नाहीत.

पाकीट टाकून परत आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. पेटीत पडल्याचा आवाज ऐकलास का, म्हणाल्या. मी म्हटलं, ऐकला. मग म्हणाल्या, मंगळवारी आणि गुरुवारी तुझ्या मुलीला माझ्याकडे पाठव. मला एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो, आणि तुझा जर्मनचा वर्ग सकाळी साडेअकराला संपून तू धावत येतेस ते मी खिडकीतून बघते. तू दुपारचा वर्ग घे.

मला काय बोलावं सुचेना. पैसे देऊ का, असं विचारायची चूक मी केली. त्यांनी नुसती मान हलवली आणि तिला बटाटे आवडतात का, ते विचारलं.

आज पहिला मंगळवार झाला. मुलगी किसलेल्या बटाट्यांची रोश्टी खाऊन आली, तोंडाला चीज, आणि जेवायला बसताना 'एन गुएते' म्हणायचं असतं हे मला शिकवायला लागली. मी दुपारचा वर्ग पूर्ण बसून केला. पुढच्या मंगळवारी तिच्यासोबत तळमजल्यावर वरणाचा डबा पाठवणार आहे. तूप वेगळं देईन, आजींना किती चालतं ते विचारून.